माऊलीच्या दारावरची नोटीस

दशरथ काळोख्यानं उभ्या आयुष्यात लोकांना टोप्या घातल्या, पण सगळ्या हसण्यावारी. अनोळखी लग्नात घुसून, नवऱ्या मुलाचा आतेमामा म्हणून मानाचा फेटा बांधून घेतलेला हा गडी. पण आज धायरीच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, गळ्यात घरी छापलेलं ओळखपत्र अडकवून उभा राहिला, तेव्हा ही थाप हसण्यावारी जाणारी नव्हती.

सदाशिव पेठेतली भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती. इमारत पाडणार होते. बावीस घरं बघून झाली, एकही झेपेना. मग पेपरात जाहिरात दिसली : धायरी, फ्लॅट ३०२, बँकेचा लिलाव. अनामत भरायची मुदत आज पाचपर्यंत, लिलाव उद्या.

बँकेतल्या साहेबानं मान वर न करता सांगितलं होतं, "पाहणीची तारीख गेली. जसं आहे तसं घ्यायचं. नंतर रडत यायचं नाही."

आणि मंदाकिनीनं, म्हणजे बायकोनं, बजावलं होतं, "पूर्ण बघितल्याशिवाय पैसे भरलेत तर माझ्याशी गाठ आहे."

म्हणून हे सोंग.

समोर दोन दारं. दिवाळीत रंग देताना आकडे पुसले गेलेले, उरल्या नुसत्या पाट्या. एकीवर 'माऊली पोकळे', तिच्याखाली बँकेची नोटीस आणि कुलूप. दुसरीवर 'गेनबा पोकळे'. दशरथनं खिडकीच्या फटीतून कुलूपबंद घरात डोकावून पाहिलं. ऐसपैस हॉल, कोरड्या भिंती. त्याला आत मंदाकिनीची शिवणमशीनसुद्धा दिसायला लागली.

शेजारचं दार उघडलं. पन्नाशीच्या बाई, हातात मेथीची जुडी.

"कोन पायजे?"

"घरपट्टीचा सर्वे आहे, बाई. शेजारी कुणी राहत नाही का?"

"न्हाय हो. आमचा धाकटा दीर माऊली. कर्ज काडलं आन् पळाला बायकोला घिऊन. या आत, उन्हाचं आलाय. मी मथुराबाई."

पाणी पिता पिता दशरथनं सगळं काढून घेतलं. गळती? नाही. सोसायटीचं थकलेलं? माऊलीचं थोडंफार. भांडणतंटा? नाही. प्रत्येक उत्तराला त्याचा जीव हलका होत गेला. शेवटचं काम उरलं : नोटिशीत लिहिलेल्या चारी बाजू जुळवायच्या. 'उत्तरेस लिफ्ट, दक्षिणेस फ्लॅट ३०१.'

बाहेर येऊन त्यानं मोबाईलवर दिशा पाहिली. माऊलीच्या दाराच्या उत्तरेला लिफ्ट नव्हती. गेनबाचं घर होतं. लिफ्ट त्याच्याही पलीकडे.

मोबाईल बिघडला असेल. त्यानं दोनदा झटकला. मग जिन्याच्या खिडकीतून वाकून सूर्य पाहिला. सूर्य काही बिघडत नाही.

"बाई, ३०२ कुठलं?"

"नंबर कोन बघतंय?" मथुराबाई हसल्या. "आमच्या जमिनीवर बिल्डिंग झाली, तवा बिल्डरनं दोघा भावांना येक-येक घर दिलं. माऊलीच्या बायकोला लिफ्टशेजारचं घर नको हुतं. मंग जेवता जेवता ठरलं, तू माज्यात ऱ्हा, मी तुज्यात. सख्खे भाऊ, कागद कशाला?"

दशरथनं दारावरची नोटीस पुन्हा वाचली. बँकेच्या माणसानं पाटी वाचून नोटीस डकवली होती. उद्या विकलं जाणार होतं ते हे घर. मेथी निवडत बसलेल्या या बाईचं.

"तुमचं खरेदीखत आहे का घरात?"

त्यांनी ट्रंकेतून काढलं. "चष्मा घावंना. तुमीच वाचा, सायेब."

आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला एक थाप पुरली असती. सगळं ठीक आहे, एवढंच म्हणायचं. खाली उतरायचं, पैसे भरायचे. बाकीचं पोलीस आणि बँक बघतील. घड्याळात साडेचार.

त्यानं वाचलं. "गेनबा पोकळे, फ्लॅट ३०१." गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं. "बाई, मी सर्वेवाला नाही. मी हे घर लिलावात घ्यायला आलोय. कागदावर माऊलीचं ३०२ म्हणजे हेच. त्यानं कर्ज काढलंय ते ह्या घरावर. तुमच्या."

मथुराबाई आधी हसल्या. त्याचं तोंडच तसं, लोक हसतातच. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मेथीवरच खाली बसल्या.

"हे शेतावर हायती. फोन लागत न्हाय. आता काय वो?"

"उठा. हे खत घ्या, स्कूटरवर माझ्या मागं बसा. बँकेत जाऊन आजच लेखी हरकत द्यायची. उद्या दुसऱ्या कुणी बोली लावली की धावपळ वाढेल."

"थांबवतील का ते?"

"माहीत नाही."

सिंहगड रोडला सिग्नल लागला. फोन वाजला. मंदाकिनी.

"पाचला सात कमी आहेत. बघितलंत ना नीट?"

"बघितलं."

"मग? काही खोट आहे?"

"घराला नाही. आत माणसं राहतात, मंदा. त्यांना पत्ताच नाही."

मग ती म्हणाली, "आपण नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी घेईलच. मोबाईलवरून भरता येतील अजून. भरा."

"नाही भरत."

"मग आपण कुठं राहायचं हो?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न कोकलायला लागले. दशरथला गाडी पुढे घेता येईना, फोन ठेवता येईना. मथुराबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात टेकला.

"चला की वो," त्या म्हणाल्या.