कडूबाईचं दळण

दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात गिरणी एकच, आणि ती दीपमालेची. निवडणूक झाली, आरक्षणाचा वाद पेटला आणि वरली गल्ली नि खालची गल्ली एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या. किराणा वेगळा, केस कापायचं दुकान वेगळं, एकमेकांच्या मयतीलाही कुणी जाईना. दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध ख्रिस्ती लोकांची तीन घरं. त्यातलं एक दीपमालेचं.

एका सकाळी वरल्या गल्लीचा सत्यम चार जण घेऊन गिरणीत आला. आवाज चढवला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

"वहिनी, खालच्यांचं दळण घ्यायचं न्हाई. तुमी आमच्यातल्या न्हाईत, त्यांच्यातल्या बी न्हाईत. कावून उगी मधी पडता?"

ते गेल्यावर नवरा जालिंदर म्हणाला, "तीनच घरं हायत आपली. आयक त्याचं."

तासाभरानं खालच्या गल्लीची कडूबाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन आली. सत्तरीची, एकटी बाई. दीपमालेच्या तोंडून निघून गेलं, "मोटार जळाली, मावशी."

कडूबाईनं बंद चक्कीकडं पाहिलं आणि डबा तसाच घेऊन माघारी वळली.

कडूबाई काही मायाळू बाई नव्हती. पीठ नेताना ती दीपमालेच्या देखत डब्यावर पाणी शिंपडायची, विटाळ जावा म्हणून. 'बरं झालं, गेली ते,' असं दीपमालेनं मनाशी म्हणून पाहिलं. पण जमेना. भाकरी थापता थापता हात थांबायचा. लेकरांवर उगाच खेकसायची. अंथरुणावर पडलं तरी कूस बदलणं संपायचं नाही.

रविवारी तिच्याच घरी प्रार्थनेला माणसं जमली. माजलगावहून आलेले पाळक शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी बोलले. हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मात्र तिला बसवेना. दोनदा पाणी प्यायला उठली. शेवटचं आमेन व्हायच्या आतच पायात चपला सरकवून ती बाहेर पडली.

चौकात सत्यमचा घोळका बसला होता. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत ती खालच्या गल्लीत शिरली.

कडूबाई चुलीवर भात शिजवत होती.

"मावशी, मोटार जळाली नव्हती. मी खोटं बोलले."

"ठावं हाय. मी कोपऱ्यावर जायच्या आधीच चक्की सुरू झालती."

"भ्याले मी."

"मग आता सरलं का भ्याव?"

"न्हाई. आता बी हाय."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग कोपऱ्यातल्या डब्याकडं बोट करून म्हणाली, "उचल मग. चार दिस भाकरी न्हाई पोटात."

डबा डोक्यावर घेऊन दीपमाला पुन्हा चौकातून निघाली. सत्यम उठून आडवा आला.

"वहिनी, सांगितलं व्हतं तुमाला."

"भाऊ, तुमच्या घरचं दळण कधी माघारी लावलं का मी? यांचं बी न्हाई लावणार."

"मग आमचं येणार न्हाई."

"तुमची मर्जी. तुमचं आलं तर तुमचं बी दळीन."

रविवारी कधीच न उघडणारी गिरणी तिनं उघडली. पीठ नेऊन दिलं, तर कडूबाईनं सवयीनं डब्यावर पाणी शिंपडलंच. दीपमालेच्या मनात आलं, याच्यासाठी सगळं गाव अंगावर घेतलं? तरी जाता जाता ती म्हणाली, "सरलं की आणा, मावशी."

दुसऱ्या दिवसापासून वरल्या गल्लीचं दळण बंद झालं. जालिंदर तिच्याशी बोलेना. नुसता रस्त्याकडं बघत बसायचा. चौथ्या दिवशी सत्यमची चुलती सरस्वतीबाई पदराखाली डबा झाकून आली.

"दळायला दिंद्रुडला कोण जातंय इतक्या लांब? सत्यमला सांगू नका फक्त."

दीपमालेनं नवऱ्याकडं पाहिलं. जालिंदर उठला आणि त्यानं डबा चक्कीत ओतला.

पुढं वरल्या गल्लीतली निम्मी घरं परत आली, निम्मी आली नाहीत. सत्यम आजही तोंड फिरवून जातो. दाराशी कुणी थांबलं की दीपमालेच्या छातीत धस्स होतं. तरी ती आधी डबा हातात घेते, मग माणूस कोण ते बघते.