लटकता तंबू

पिशवीतून तंबू काढून तिने गवतावर पसरला, चारी कोपरे ओढून सुरकुत्या काढल्या, दोन पावलं मागे सरून एकदा डोळे भरून पाहिला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की दांड्या नाहीत.

विसरल्या असंही म्हणता येणार नाही. विसरायला ती गोष्ट आधी डोक्यात असावी लागते. नऊ वर्षं ती तंबूंच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसत होती आणि तिच्या लेखी तंबू म्हणजे कापड. दांड्या-खुंट्या दुसऱ्याच कंपनीतून येत, मागच्या दाराने थेट पॅकिंगच्या खोलीत जात. शिलाईवाल्या बायकांची आणि त्यांची कधी गाठच पडत नसे. हा तंबू तर पॅकिंगपर्यंत पोचलाच नव्हता. हिरव्या कापडात एक पट्टा चुकून नारिंगी जोडला गेला म्हणून तो रद्दीत पडला, मालकाने हवा त्याने न्यावा म्हटलं, आणि हिने तो उशीच्या अभ्र्यात कोंबून घरी आणला. पुढे महिनाभर, मुलं दुपारी झोपली की ती एकेक शिवण बोटाने चाचपत बसायची. शिवणींना मेण लावलं. चेनला तेल दिलं. मांडव, वाजंत्री, जेवण, सगळं चोख, फक्त नवरदेवाला कळवायचं राहिलं, अशातली गत.

तंबूतळाच्या मॅनेजरबाईंनी फाटकातच नियम ऐकवले होते. सहाला त्या फेरी मारतात. तोवर तंबू उभा हवा. गाडीत झोपायला परवानगी नाही, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. तंबू नाही तर जागा नाही, मग सामान उचलायचं आणि फाटकाबाहेर. आता सव्वाचार झाले होते.

साडेसहा वर्षांची टिटवी आईचं तोंड न्याहाळत उभी होती. हे नाव तिला उगाच नव्हतं पडलं. झोपेतसुद्धा तिची टकळी चालू असे. तीन वर्षांचा ठोंब्या तंबूच्या मधोमध बसून बूट काढत होता. घर म्हटलं की बूट काढायचे, एवढं त्याला ठाऊक होतं.

"आई," टिटवी म्हणाली, "काका म्हणाले होते तू संध्याकाळी रडत फोन करशील."

"कधी म्हणाले?"

"काल. जिन्यात. बाबांना."

तिने कापडाचा कोपरा पुन्हा एकदा ओढून सरळ केला. 

मोठे दीर गाडी शिकवण्याची शाळा चालवत. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबायचा, हा त्यांचा धंदा. आणि घरी आले तरी त्यांचा पाय ब्रेकवरच. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं दोन गाड्यांतून फिरायला गेली, तेव्हा त्यांनी कागदावर वेळापत्रक काढलं होतं. अकरा ते साडेअकरा मनोरा. साडेअकराला शू. पावणेबाराला पुढे. ठोंब्याला साडेअकराला शू आली नाही, बाराला आली, आणि ती कोणाच्या सीटवर हे सांगायला नको. तंबूत एक रात्र राहू या, असं ती भीतभीत म्हणाली तेव्हा दीर हसले होते. शिवणं वेगळं, राहणं वेगळं, म्हणाले होते. त्यांच्या हाताखाली ती गाडी शिकली, पहिल्याच परीक्षेत पास झाली, तरी 'हिला हायवेवर सोडू नका' हे पालुपद काही थांबलं नाही.

या वर्षी ती, नवरा आणि मुलं असे चौघंच जाणार होते. नवरा हॉटेलात आचारी. ऐन सुट्टीत दुसरा आचारी आजारी पडला आणि याची रजा गेली. घरात सगळे धरून चालले की सहल बारगळली. दिरांनी तर गाडीची किल्ली आपल्याकडे मागितली, म्हणाले गाडी नुसती उभी राहण्यापेक्षा शाळेच्या कामाला येईल. तेव्हा ती भाजी चिरता चिरता म्हणाली होती की गाडी उभी राहणार नाही, ती आणि मुलं जाणार आहेत. बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच दरदरून घाम फुटला. पण जीभ पुढे गेली होती, आता बाकीच्या शरीराने मागोमाग जायला हवं होतं.

आणि सकाळ तर किती छान गेली. नऊला ती तिघं शहरात पोचली. संग्रहालयात छताला देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला होता. ठोंब्या त्याच्याखाली उताणा पडला आणि उठेचना. मागच्या वर्षी त्याला बखोटीला धरून उठवलं असतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्स डोक्याखाली घेतली आणि तीही आडवी झाली. टिटवी पलीकडून. तिघांनी मिळून बरगड्या मोजल्या. तीनदा मोजल्या, तीनदा वेगळा आकडा आला. पहारेकरी जवळ आला, क्षणभर थांबला आणि जणू काही दिसलंच नाही अशा थाटात पाठ करून उभा राहिला. मनोरा राहिला, बाजार राहिला, जुना पूल मात्र मुलांच्या आग्रहाखातर सहा वेळा ओलांडून झाला. गाडीकडे परतताना तिला वाटलं होतं, हे असं असतं होय फिरणं!

फोन वाजला. तिचे हात कापडात अडकलेले, म्हणून टिटवीने उचलला आणि एका दमात बाबांना सगळं सांगून टाकलं. दांड्या नाहीत, खुंट्या नाहीत, बाई हाकलून देणार आहे, ठोंब्याने बूट काढलेत.

ती फोन घेईपर्यंत उशीर झाला होता. नवरा आधी धीर देत होता, मग म्हणाला की दहा मिनिटांनी करतो. दहा मिनिटांनी केला तेव्हा सूर बदललेला होता. दादा निघालाय, म्हणाला. दीड तासात पोचेल, शाळेतल्या एकाला बरोबर घेऊन. तो पुढे राहील, तू त्याच्या मागे मागे गाडी आण. नाहीतर तुझी गाडी तो चालवेल आणि त्याची गाडी बरोबरचा माणूस.

"त्यांना कोणी बोलावलं?"

"अगं, मी नुसतं सांगितलं त्याला."

"मग आता परत फिरायला सांग."

पलीकडे कढईचा आवाज येत राहिला. दादाला असं कसं सांगू, तो वाटेला लागलाय, मुलांचा तरी विचार कर, अशी त्याची तुटक वाक्यं आली. तो वाईट माणूस नव्हता. फक्त दादासमोर त्याची सहा फुटांची उंची चार फुटांवर यायची. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, बरं, येऊ देत. आणि फोन ठेवला.

आज ही गाडी दिराच्या गाडीमागे शेपटासारखी घरी गेली, तर पुन्हा किल्ली हातात येणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. कोणी ओरडणार नव्हतं, कोणी टोमणाही मारणार नव्हतं. दर उन्हाळ्यात फक्त हसून आठवण काढली जाणार होती, आणि टिटवीही त्यात हसायला शिकणार होती.

ती गवतावर बसली आणि तंबूकडे पुन्हा पाहायला लागली. या वेळी कारागिराच्या नजरेने.

कारखान्यात तयार तंबू कधीच उभा करत नसत. तो टांगत. छताला हुक होते. तंबूच्या माथ्यावरचे आणि खांद्यावरचे मिळून आठ लूप, म्हणजे पट्टीचे शिवलेले फासे, त्यांत अडकवायचे, बाहेर दिवे लावायचे आणि आत शिरून सुईच्या भोकातून कुठे उजेड झिरपतो का ते बघायचं. दोन्ही गरोदरपणांत मशीनवर वाकणं जमेना तेव्हा तिला हेच काम दिलं होतं. किती महिने ती पोट सांभाळत टांगलेल्या तंबूंत उभी राहिली होती. टांगलेला तंबू दांड्यांवरच्या तंबूपेक्षा काकणभर जास्तच ताठ दिसतो, हे पॅकिंगवाल्यांना काय ठाऊक?

जागेच्या कडेला एक जुनं झाड होतं आणि त्याची एक जाड फांदी आडवी, बरोबर जागेवर आलेली. तिने गाडी पुढे-मागे करत फांदीच्या दुसऱ्या अंगाला आणून लावली. टपावरच्या कॅरियरला सामान बांधायची लांबलचक दोरी होती, ती सोडली. मग लूप मोजले. आठ हवेत, सहाच निघाले. खांद्याचे दोन लूप लागण्याआधीच तंबू रद्दीत गेला होता.

"टिटवे, तुझ्या दप्तराचा पट्टा कापला तर चालेल?"

टिटवीने आयुष्यात पहिल्यांदा उत्तर द्यायला वेळ घेतला. मग दप्तर आणून आईपुढे धरलं.

सुई-दोरा पर्समध्ये कायमचाच. तिने पट्ट्याचे दोन तुकडे केले, दुहेरी दोऱ्याने चौकोन शिवला, चौकोनात फुली मारली. असा टाका अख्ख्या माणसाचं वजन पेलतो. घड्याळात पाच वाजून गेलेले, दीर वाटेत, आणि ती मात्र घाई न करता शिवत होती. घाईतला टाका उसवतो हे कारखान्यात ती नव्या मुलींना नेहमी सांगत आली होती. ठोंब्या मांडीला टेकून सुई वर-खाली जाताना बघत होता.

पहिल्या खेपेला माथा वर गेला आणि बाकी सगळं फाटक्या छत्रीसारखं लोंबलं. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी खुर्चीत बसल्या बसल्याच मान हलवली. तिने सगळं सोडलं. दुसऱ्या खेपेला दोरी एका लूपमधून फांदीवर, फांदीवरून पुढच्या लूपमध्ये, अशी नागमोडी ओवत नेली. एक टोक कॅरियरला, एक बुंध्याला. खाली दोन कोपरे गाडीच्या चाकांना बांधले, तिसरा मुळाला. चौथ्यासाठी टिटवी आणि ठोंब्या दगड आणत राहिले आणि उशीच्या अभ्र्यात भरत राहिले. ठोंब्याचे दगड वाटाण्याएवढे होते, पण तेही तिने मोजून घेतले.

मग दोरी ओढली. कापडाला एक झटका बसला, सुरकुत्या पळाल्या आणि तंबू उभा राहिला. म्हणजे टांगला गेला. नारिंगी पट्टा उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. आजोबा खुर्चीतून उठून बघायला आले आणि परत जाऊन खुर्ची तंबूच्या दिशेला वळवून बसले.

सहाला पाच मिनिटं कमी असताना दिरांची गाडी फाटकातून आत आली.

ते उतरले, शाळेतला माणूस गाडीतच बसून राहिला. आधी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तंबूला एक फेरी मारली. दोरी हलवून पाहिली, ती हलली नाही. अभ्र्याला पायाने ढोसलं, तोही सरकला नाही. शेवटी म्हणाले, हा काय तंबू आहे, ही तर वाळत घातलेली चादर. मुलांना घेऊन असले खेळ करायचे नसतात. रात्री वारा सुटला म्हणजे? आणि समजावणीच्या सुरात, अगदी शिकाऊ ड्रायव्हरशी बोलावं तसं म्हणाले, "चल, आवर. तासभर उजेड आहे तोवर हायवे गाठू. किल्ली दे इकडे."

हात पुढे होता. तिने तो नीट पाहिला. रागीट हात नव्हता. वर्षानुवर्षं लोकांनी मुकाट्याने किल्ल्या ठेवल्यामुळे सवयीने उघडणारा तळवा होता.

"किल्ली नाही मिळणार, भाऊजी," ती म्हणाली. "चहा मिळेल. करू का?"

"हट्ट करतेयस तू."

"हो."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. नाही म्हटलं असतं तर पुढचं बोलणं त्यांच्याकडे तयार होतं.

ते घसा साफ करत होते तेवढ्यात वही घेऊन मॅनेजरबाई आल्या. त्यांनी तंबूकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, खांद्यावरच्या चौकोनी टाक्यावरून अंगठा फिरवला. आत डोकं घालून आल्या. आत ठोंब्या बूट शेजारी-शेजारी लावून बसला होता. बारा वर्षांत असला प्रकार पाहिला नाही, म्हणाल्या, पण नियमात तंबू उभा हवा असं आहे, कशावर ते लिहिलेलं नाही. मग वही उघडून विचारलं की तंबूची जबाबदारी कोणाची, सही हवी.

दिरांनी खिशातून पेन काढलं. सवयच ती.

तिने ते पेन त्यांच्या हातातून अलगद घेतलं, वही आपल्याकडे वळवली आणि सही केली. सही जरा मोठीच झाली, वरच्या ओळीत घुसली. पेन पुसून तिने परत दिलं.

"आणि हे?" बाईंनी विचारलं.

"हे पाहुणे आहेत," टिटवी म्हणाली.

पाहुण्यांनी सातच्या आत फाटकाबाहेर जावं, असं सांगून बाई पुढच्या तंबूकडे गेल्या.

दीर चहा न घेताच निघाले. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. चिडलेले होते, पण त्याहून जास्त गोंधळलेले, जणू ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. म्हणाले, ठीक आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत घरी पोच, आईला मी तसं सांगतो.

ठरलं होतं तेही उद्याचंच, म्हणजे शुक्रवारचं. एक रात्र, दोन दिवस. तिने तोंड उघडलं ते 'बरं' म्हणायलाच.

"रविवारी येऊ," ती म्हणाली. "मनोरा राहिलाय. आणि सगळ्या बरगड्या मोजून व्हायच्यात."

दिरांना बरगड्यांचं काही कळलं नाही. ते गाडी मागे घेत असताना टिटवीने पळत जाऊन, त्यांच्याच शाळेतल्यासारखे हात हलवत, मागे या, मागे या, बस, असं म्हणत त्यांना रस्ता काढून दिला. गाडी गेली. रविवारपर्यंत अंडी पुरतील का, ठोंब्याच्या चड्ड्या किती उरल्यात, याचा ती मनाशी हिशेब लावू लागली. अंडी पुरणार नव्हती, चड्ड्या तर नव्हत्याच. आतून ठोंब्या ओरडत होता की सगळ्यांनी बूट बाहेर काढा आणि आत या.