चंदरचे एकशे अकरा नियम

आबाजीच्या छापखान्यात मशीन आलं त्या दिवशी सगळ्या भिसेगावातले दिवे लाल झाले. बटण दाबलं की आमच्या आळीतले पंखे थांबायचे, नाक्यावरची गिरणी उलटी फिरायची आणि दळून झालेलं पीठ पुन्हा तांदूळ होऊन बाहेर यायचं. खोटं वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. मला विचाराल तर मी हेच सांगणार.

साल शहाऐंशी. मुंबईतला कुठलासा छापखाना बंद पडला, त्यांचं हे मशीन आबाजीनं टेंपोत घालून पनवेल, चौक गाव करत कर्जतला, आमच्या भिसेगावात आणलं. उतरवायला आठ माणसं लागली, आणि नववा आबाजी, तो ओरडायला. दिसायला म्हणाल तर एक लोखंडी कपाट, त्याच्यासमोर हिरव्या अक्षरांचा टीव्ही आणि टाइपरायटरसारखी बटणं. त्याला गारवा लागतो असं कळल्यावर खोपोलीहून रोज बर्फाची लादी यायची. निघताना लादी, कर्जतला पोचेपर्यंत वीट. एकदा तर नुसतं ओलं पोतं आलं आणि आत एक पापलेट.

तोवर आमच्याकडे सगळं हातानं चालायचं. साप्ताहिक, लग्नपत्रिका, जाहिरातींचे कागद, दहाव्या-बाराव्याची कार्डं, जे काय छापायचं ते एकटा चंदर शिशाच्या अक्षरांचा खिळा खिळा उचलून जुळवायचा. चंदर लोधिवलीचा, बौद्धवाड्यातला. बावीस वर्षं रोज पहिल्या एसटीनं यायचा. आणि मी कोंडाजी, छापखान्याचा मुद्रितशोधक. म्हणजे चुका काढायच्या त्या मी. पण झालं होतं उलटंच. चंदरला उलटे खिळे सुलटे वाचता यायचे, आणि माझ्या नजरेतून सुटलेली चूक तो तिथल्या तिथे धरायचा. "कोंडाजीभाऊ, ह्यो काना ऱ्हायला बगा," असं हळूच म्हणायचा. हळूच म्हणायचा, पण आबाजीच्या देखत. बावीस वर्षं. हे ध्यानात ठेवा, पुढचं समजायला सोपं जाईल.

मशीन बसवायला मुंबईचा इंजिनेर आला. तो दिवसभर पाव आणि केळी खायचा आणि माणसापेक्षा कपाटाशी जास्त बोलायचा. त्यानं आम्हाला समोर बसवून शिकवलं. लिहिणाऱ्यानं साधं सरळ लिहायचं. शब्द ठळक हवा तर त्याच्या दोन्ही बाजूंना चांदणी काढायची, तिरपा हवा तर खालची रेघ. ओळीच्या सुरवातीला आडवी रेघ दिली की यादी, एक ओळ मोकळी सोडली की नवा परिच्छेद. बाकी नटवानटवी मशीन करणार. आबाजीनं लगेच गावोगावच्या बातमीदारांना कार्डं टाकून हे कळवलं. पुढच्याच आठवड्यात कळंबच्या बातमीदाराची बातमी आली. प्रत्येक शब्दाला चांदण्या, आणि स्वतःच्या नावाला दोन्हीकडे तीन-तीन.

"पण तुमची रीत मशीनला माहीत नाही," इंजिनेर म्हणाला. "लग्नपत्रिका कशी, निवडणुकीचा कागद कसा, ते सगळं सांगा. मी नियमांच्या फाईलीत घालतो. एकदा घातलं की माणूस नको."

चंदर तिथंच स्टुलावर बसला होता. आबाजीनं त्याच्याकडे बघितलं. "काय रं चंदर, सांग की. तुला येतं ते समदं सांग."

"सांगतो शेठ," चंदर म्हणाला.

बकरा सुरी घासून देतो असं कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय, अकरा दिवस. चंदर सांगत होता, मी लिहून घेत होतो, इंजिनेर आत घालत होता. नवऱ्या मुलाचं नाव ठळक, मामाचं एक पायरी बारीक. मामा सरपंच असेल तर दोघांचं सारखं. दोन सख्खे भाऊ बोलत नसतील तर त्यांची नावं एका ओळीत घ्यायची नाहीत. पुढाऱ्याचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठं. रोज दहा नियम, आणि सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला, जणू बारशाला नाव ठेवतोय. बावीस वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी इंजिनेर म्हणाला, "एक राहिलं. आलेला मजकूर कशाचा आहे हे मशीननं ओळखायचं कसं?"

"वर श्री असंल तर शुभ," चंदर म्हणाला. "लग्न, वास्तू, पूजा. कडंनं नक्षी घालायची."

"आणि वर श्री नसेल, बातमीची खूण नसेल, जाहिरातीची नसेल, तर?"

"मग दुःखाचं. दुःखाच्या कार्डावर श्री घालत नाय कुणी. काळी चौकट घालायची न् पयल्या ठळक नावाच्या आदी कै. लावायचं."

तो एकशे अकरावा नियम.

तो ऐकला आणि माझं पेन थांबलं. चंदरच्या माणसांनी छप्पन साली देव सोडले. त्यांच्या लग्नपत्रिकेवर श्री नसतो, 'नमो बुद्धाय' असतं. अशा पत्रिका चंदरनं स्वतः शेकड्यानं जुळवलेल्या. वर 'नमो बुद्धाय' आलं की त्याचा हात आपोआप पिंपळपानाच्या नक्षीच्या खणाकडे जायचा. पण जे हाताला ठाऊक होतं ते तोंडाला सुचलं नाही. घरच्या गोष्टीला नियम असतो हे घरच्या माणसाला कुठं आठवतं?

मला आठवलं. त्याच क्षणी आठवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा चंदरची चूक माझ्या हाती लागली होती. मी पेन टेकवलं आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इंजिनेर गेला आणि आबाजीनं चंदरला महिनाअखेरचा निरोप दिला. चंदर नुसतं म्हणाला, "शेठ, मालनचं लगीन हाय पुडल्या म्हयन्यात. तिची पत्रिका तेवडी मी हातानं जुळवून नेतो."

मालन त्याची एकुलती एक लेक. सत्तावीस वर्षांची. दोन स्थळं ठरून मोडलेली, एक मुलाकडच्यांना मुलगी जास्त शिकलेली वाटली म्हणून, दुसरं का मोडलं ते कुणी सांगितलंच नाही. लोधिवलीत बायका आता तिच्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. हे तिसरं स्थळ खालापूरचं. मुलगा कमळाकर, कचेरीत कारकून, गरीब गाय. त्याची आई ठकूबाई मात्र वाघीण. "ह्ये पार पडलं की सुटलो, कोंडाजीभाऊ," चंदर मला म्हणायचा. "ह्ये मोडलं तर पोरगी पुन्ना उभी ऱ्हानार नाय."

"हातानं कशी जुळवशील रं?" आबाजी हसला. "खिळे गेले भंगारात. परवाच पोती भरून दिली. पत्रिका मशीनवर काढू, माझ्याकडून आहेर समज. तू फक्त मजकूर दे न् दोनीकडचे पत्ते दे. पोस्टात पन आमीच टाकतो."

चंदरनं एक रिकामा खण ओढून बघितला, परत आत सारला. मग खाली बसला आणि मजकूर लिहिला. सुंदर अक्षर. वर 'नमो बुद्धाय', खाली मंगल परिणय, आणि मालनच्या नावाला दोन्ही बाजूंना चांदण्या, इंजिनेरनं शिकवल्या होत्या तशा, मोजून मापून.

मशीन त्या आठवड्यात तापलं, आठ दिवस बंद. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा कुठं ते सुरू झालं. मी मजकूर घातला, बटण दाबलं, गिरणी उलटी फिरली आणि कागद बाहेर आला. बोटभर जाड काळी चौकट. वर काळ्या ठळक अक्षरात: कै. मालन.

आबाजी पलीकडे चहा पीत होता. "बरोबर हाय का रं कोंडाजी?"

"नियमाप्रमाणं आहे," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, कोंडाजी, तू राक्षस आहेस. तसं नाही. मला वाटलं, लोक हसतील. खाली मंगल परिणय लिहिलंय, तारीख आहे, वेळ आहे, माणसं खालपर्यंत वाचतील, चंदरची एकदा फजिती होईल आणि आमचा हिशेब मिटेल. चारशे कार्डं छापली, घड्या घातल्या, पत्ते चिकटवले आणि मीच पोस्टात टाकली. शिक्का मारणाऱ्यानं चौकट बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. काळ्या चौकटीचं पत्र आपल्याकडे कुणी घरात नेत नाही. उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं, वरचं नाव बघायचं, तारीख बघायची आणि फाडून टाकायचं. छप्पन साली देव सुटले, पण ही सवय कुणाची सुटली नव्हती. कार्डं पोचली लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि चारशे घरांत चारशे कार्डं फाटली. मंगल परिणयापर्यंत एक माणूस पोचला नाही.

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम लवकर लोधिवलीला गेलो. मांडव घातला होता, निळ्या पताका होत्या, चुलाणावर भात शिजत होता. मालन पांढरी साडी नेसून बसली होती. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरं नेसते. नऊ वाजता कळंबहून पहिली एसटी आली आणि वळणापासूनच रडणं ऐकू आलं. पुढं चंदरची म्हातारी आत्या येसूबाई, ऊर बडवत. मागं तीस-चाळीस बायका.

"माजी चिमनी गेली रं चंदर," म्हणत ती मांडवात आली आणि समोर पांढऱ्या साडीत मालन बसलेली दिसली. म्हातारी किंचाळलीसुद्धा नाही. बसकण मारली आणि मालनच्या पायाला हात लावून बघितला, गरम आहे का.

"आते, मी हाय," मालन म्हणाली. "काय झालं?"

एसटीमागून एसटी येत राहिली. कुणी फुलं आणली होती, कुणी मेणबत्त्या. आहेर कुणाच्या हातात नव्हता. पुरुष मांडवाबाहेर डोकी खाली घालून उभे राहिले, आणि काय झालंय ते कळलं तरी त्यांना हसता येईना, कारण निघताना ते घरी रडून आले होते. मी वाट बघत होतो कुणीतरी हसेल म्हणून. कुणीच हसलं नाही.

अकराला खालापूरचा ट्रक आला. वाजंत्री नव्हती. ठकूबाई आधी उतरली, मालनसमोर जाऊन तिला नखशिखांत न्याहाळलं, आणि मग चंदरकडे वळली.

"जिती हाय म्हनायची."

"विहीनबाई, छापखान्यात चूक झाली," चंदर म्हणाला. त्याचे हात जोडलेले होते. "मशीन नवं हाय. आपन शकुन-अपशकुन मानत नाय."

"मी नाय मानत," ठकूबाई म्हणाली. "सोडलं समदं. पर सकाळधरनं पंदरा घरं माज्या दारात रडून गेली. माज्या लेकाच्या गळ्यात पडून रडली. त्यांच्या तोंडाला मी काय हात लावू? उद्या ही घरात आली न् कुनाला नुसता ताप आला, तर ह्येच पंदरा जन काय म्हनतील?"

"आये, जाऊ दे की," कमळाकर मागून म्हणाला.

"तू गप ऱ्हा. चंदर, मला येकच सांग. ह्ये कुनी तुमच्यावर डूक धरून केलं का? तसं असंल तर त्याला हितं आना, मी त्याचं थोबाड फोडते न् लगीन लावते. आन् आपल्या हातानं झालं असंल तर मग मला इचार करू द्या."

चंदरनं सगळीकडे बघितलं आणि त्याला मी दिसलो. त्याच्या तोंडावर असा सुटल्याचा भाव आला की अजून कधीमधी तो डोळ्यांसमोर येतो.

"ह्ये बगा, कोंडाजीभाऊ आलेत. छापखान्यातलेच हायेत, समदं त्यांच्या समोर झालंय. सांगा भाऊ, चूक मशीनची हाय."

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. ठकूबाईचे हात चांगले भक्कम होते. मी घसा साफ केला.

"मशीन स्वतःच्या मनानं काही करत नाही, बाई," मी म्हणालो. "त्याला सांगितलेले नियम असतात. वर श्री नसेल तर काळी चौकट घाल, हा नियम चंदरनंच सांगितला. मी नुसता लिहून घेतला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जन्मात इतकं खरं मी दुसऱ्यांदा बोललेलो नाही.

चंदर उभ्या जागी आठवू लागला. ओठ हलत होते, जणू एकशे अकराच्या एकशे अकरा नियमांतून परत चाललाय. शेवटाला पोचला तेव्हा ओठ थांबले.

"व्हय," तो म्हणाला. "मीच सांगितला."

ठकूबाईनं मान डोलावली, रागानं नाही. कमळाकरचा दंड धरला आणि त्याला ट्रककडे घेऊन गेली. तो मागं वळून बघत होता, पण चालत होता. ट्रक गेला. बौद्धाचार्यांनी आपलं पुस्तक पिशवीत ठेवलं.

 मग मालन उठली. पदर खोचला आणि चुलाणाकडे गेली.

"समदे लांबनं आलेत, आबा," ती बापाला म्हणाली. "भात झालाय. पंगत बसवा."

चारशे माणसांचा भात होता, तो काय करायचा? लोक बसले. कशाचं जेवण आहे ते न विचारता जेवले. मीही बसलो. परतीची एसटी अडीचची होती आणि वरणाला वास चांगला सुटला होता. चंदर स्वतः वाढत होता. माझ्या पानाशी आला, भात घातला, वर वरण घातलं, पुढं गेला आणि पुन्हा माघारी आला.

"आजून घ्या, भाऊ," म्हणाला. "सकाळधरनं आलायसा तुमी."

मी घेतला.