डावा चार्ज होतोय

इंद्रजीतनं डबी काचेच्या काउंटरवर इतक्या जोरानं आपटली की आतले दोन्ही इअरबड उडाले आणि सोल्डरिंगच्या स्टँडपाशी येऊन पडले.

"डावा चार्ज होत नाय," तो म्हणाला. "एवढं बघा आन् सांगा हिला."

ही म्हणजे सायली, त्याची बायको. ती दोन पावलं मागं, दुकानाच्या पायरीवर उभी होती. शहरातल्या पोरी स्कूटीवर बांधतात तसा तिनं स्कार्फ बांधला होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, फक्त डोळे उघडे. दुपारचे तीन वाजले होते, उकडत होतं, मोटारसायकलवरून उतरूनही पाच मिनिटं झाली होती. तरी तिनं गाठ सोडली नव्हती.

सुलेखानं बड उचलले. क्रांती चौकाच्या अलीकडच्या गल्लीत, अप्पारावांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती नऊ वर्षं काम करत होती. तिची जागा ठरलेली होती: डावी बाजू भिंतीला, उजवी गिऱ्हाईकाला. इथं उजेड चांगला येतो, असं ती सांगायची.

इंद्रजीत बोलत होता. तो शेंद्र्याला कंपनीत होता, आज रजा टाकून आला होता. चार दिवसांपासून सायलीचं एकच चाललं होतं, डाव्या कानानं ऐकू येत नाही. खुलताबादहून तिच्या वडिलांचा, तात्यासाहेबांचा फोन आला की ही सारखी 'काय? काय?' करायची. आता ते हिला डॉक्टरकडं न्यायला निघणार होते.

"कान कशानं जाईल? बड चार्ज नाय म्हणून आवाज नाय. तुम्ही मशीनवर बघा. दुकानात काय सांगितलं ते मी त्यांना फोनवर ऐकवतो. म्हणजे डॉक्टरचं भूत उतरंल."

"बड नसला तरी ऐकू येत नाही का?" सुलेखानं सायलीला विचारलं.

"तिला काय विचारता? वस्तू तुमच्यापुढं आहे."

सायलीचे डोळे खाली गेले.

सुलेखानं भिंग डोळ्याला लावलं. डाव्या बडच्या जाळीत आणि खालच्या दोन पितळी टिपक्यांवर काळपट थर होता. कानातला मळ असणार. डबीतल्या पिनांना हे टिपके टेकले नाहीत की चार्जिंग होत नाही. दहातल्या सात तक्रारी अशाच असतात. तिनं कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून फिरवली. मळ असता तर स्पिरिटनं सुटला असता. हा थर उलट घट्ट झाला. तिनं दुसरी काडी साध्या पाण्यात बुडवली, झटकली आणि पुन्हा फिरवली. काडीचं टोक तांबूस झालं.

तिनं ती काडी टिश्यूच्या घडीत ठेवली. मळ पाण्यात सुटत नाही. रक्त सुटतं.

"काय झालं?" इंद्रजीत पुढं वाकला.

"साफ करते आहे."

मग तिनं डबी मीटरमार्फत चार्जरला जोडली. डबीच्या दिव्यावर तिचा भरवसा नव्हता. बड नुसता टेकला तरी दिवा लागतो. आत करंट जातो की नाही ते आकडा सांगतो. उजवा बड ठेवला. शून्य पूर्णांक शून्य चार. डावा ठेवला. आकडा थरथरला आणि दुप्पट होऊन शून्य पूर्णांक शून्य आठवर थांबला. तिनं डावा काढून पुन्हा ठेवला. पुन्हा आठ.

"डावा चार्ज होतोय," ती म्हणाली.

"आवाज बघा."

तिनं बड दुकानातल्या फोनला जोडून तपासणीची नेहमीची शिट्टी लावली. आधी उजवा, मग डावा, दोन्ही उजव्या कानाशी धरले. दोन्हींतून सारखीच, स्वच्छ शिट्टी येत होती.

"अहो मॅडम, डाव्या कानाचा आहे तो. उजव्यात धरून काय कळणार? डाव्यात घाला."

"त्यानं फरक पडत नाही, भाऊ."

"घाला की, सुलेखाताई," मागच्या टेबलावरून अप्पाराव म्हणाले. "गिऱ्हाईकाचं समाधान."

सुलेखानं बड डाव्या कानात घातला. प्लॅस्टिकचा गारवा लागला. बाकी काही नाही.

"येतो आवाज?"

नऊ वर्षांत तिनं तपासल्यापेक्षा वेगळं गिऱ्हाईकाला सांगितलं नव्हतं. तोंडातून सवयीनं तेच निघालं.

"नाही."

इंद्रजीत मोठ्यानं हसला. वळून त्यानं सायलीच्या दंडाला धरलं आणि तिला काउंटरपर्यंत ओढत आणलं. "ऐकलं? का तेबी नाय ऐकू आलं?" दुसऱ्या हातानं त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काचेवर ठेवला. रिंग वाजू लागली. तो सुलेखाला म्हणाला, "आत्ता म्हणलात तेवढंच म्हणा. डावा बड खराब आहे. बास."

सायलीनं सुलेखाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही मागणं नव्हतं. सुलेखाला तेच सहन झालं नाही.

अकरा वर्षांपूर्वी याच काउंटरच्या पलीकडं सुलेखा उभी होती. नवऱ्यानं तिला पोळपाटानं मारलं होतं, डाव्या कानशिलावर. दुसऱ्या दिवसापासून फोनवर ऐकू येईना. स्पीकर गेला असंल, नवरा म्हणाला. तिलाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. अप्पारावांनी फोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला होता आणि म्हणाले होते, चांगला तर आहे. नाही, खराबच आहे, ती हट्टानं म्हणाली होती. त्यांनी स्पीकर बदलला. महिन्यानं पुन्हा बदलला. ती डॉक्टरकडं गेली तेव्हा सात आठवडे झाले होते. पहिल्या पंधरा दिवसांत यायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. पुढं ती आईकडं परत आली, आयटीआयचा कोर्स केला, याच दुकानात कामाला लागली. कानाचं कोणालाही सांगितलं नाही.

"हॅलो?" फोनमधून म्हातारा आवाज आला. "बोला, जावईबापू."

"तात्यासाहेब, दुकानात आलोय. ह्या मॅडम काय म्हणतात ते ऐका."

सुलेखानं कानातला बड काढून उजव्याशेजारी डबीत ठेवला. दिवा लागला. मीटरवर आठ.

"बड चांगला आहे," ती फोनकडं वाकून म्हणाली. "चार्ज होतो, वाजतो. मला ऐकू आलं नाही, कारण माझा डावा कान गेलाय. नवऱ्यानं मारलं होतं. तुमच्या मुलीच्या बडवर रक्त आहे. चार दिवस झालेत. आजच डॉक्टरकडं न्या."

इंद्रजीतचा हात काउंटरवरून आला. त्यानं सुलेखाचे केस धरले आणि तिचं डोकं काचेवर आपटलं. काच तडकली. मीटर खाली पडला. तिच्या तोंडात खारट चव आली. अप्पाराव उठून उभे राहिले, आणि उभेच राहिले.

"तात्या," सायली बोलली. आवाज विनाकारण मोठा होता, ऐकू न येणाऱ्या माणसासारखा. "बड घालून कणीक मळत होते. यांची हाक ऐकू आली नाय. यांनी कानावर मारलं, बडासकट."

इंद्रजीतनं सुलेखाला सोडलं आणि सायलीचा स्कार्फ धरला. तो तोंडावरून सरकला आणि गळ्यात आवळला. गाल हिरवा-पिवळा पडलेला होता. कानाच्या पाळीखाली वाळलेली रेघ होती. तो स्कार्फ पिळत होता, शांतपणे, नळाची चावी घट्ट करावी तसा. सायलीच्या चपला फरशीवर घासत होत्या. फोनमधून म्हातारा कोणाचं तरी नाव घेऊन ओरडत होता.

सुलेखानं स्टँडमधून तापलेलं सोल्डरिंग आयर्न काढलं.

"तीनशे पन्नास डिग्री आहे," ती म्हणाली. "सोड."

त्यानं सोडलं नाही. तिनं आयर्नचं टोक त्याच्या मनगटावर टेकवलं आणि मनात एक म्हणेपर्यंत ठेवलं.

केस जळाल्याचा आणि मग कातडीचा वास आला. तो गुरासारखा ओरडला. हात सुटला. सायली खाली बसली आणि खोकत राहिली. मग तो पुन्हा पुढं झाला, पण तोवर समोरचा, मोबाईलची कव्हरं विकणारा चाचा गल्ली ओलांडून आला होता. चाचानं मागून त्याच्या कंबरेला मिठी घातली.

"अय, नक्को मियाँ. औरत पे हात नक्को."

आणखी दोघं आले. कोणीतरी इंद्रजीतच्या तोंडावर मारलं, कोणीतरी आणखी एकदा मारलं, आणि मग बाकीच्यांनीही मारलं, कशासाठी ते न विचारता. त्याच्या नाकातून रक्त आलं. सुलेखानं थांबा म्हटलं, पण तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. शेवटी चाचानंच त्याला सोडवून मोटारसायकलपाशी ढकललं. जाताना इंद्रजीत सायलीकडं बघून म्हणाला, "घरी ये तू." तिनं उजवा कान तिकडं वळवला होता, म्हणजे तिनं ऐकलं असावं.

सुलेखानं आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. ते चरचरलं. काम झालं की टोक पुसून ठेवायचं, ही सवय. मग तिनं बटण बंद केलं.

इंद्रजीतचा फोन तिथंच राहिला होता, अजून चालू होता. मी गाडी काढली, तात्यासाहेब म्हणत होते, मला जागा सांगा. घाटीत, सरकारी दवाखान्यात या, सुलेखानं सांगितलं, कानाच्या विभागात. रक्ताची काडी असलेली टिश्यूची घडी तिनं पर्समध्ये ठेवली. डॉक्टरांना दाखवायला.

अप्पाराव फुटलेल्या काचेचे तुकडे कागदावर गोळा करत होते. पोलीस येतील, ते म्हणाले, मी आहे इथं, मी सांगतो काय झालं ते. मग मान वर न करता म्हणाले,

"तुमचा तो स्पीकर चांगला होता, ताई. दोन्ही वेळा. मला माहीत होतं. तुमचा गाल सुजलेला होता."

सुलेखानं ओढणीनं ओठ पुसला.

रिक्षा चौकातून मिळाली. सायलीनं स्कार्फ पुन्हा बांधला नाही, घडी करून मांडीवर ठेवला. रिक्षात बसताना सुलेखा आधी डावीकडं बसली. मग तिच्या लक्षात आलं की असं बसलं तर सायलीचं बोलणं आपल्याला ऐकू येईल, पण आपलं तिला जाणार नाही. दोघींचाही डावाच कान. कशाही बसल्या तरी एकीलाच ऐकू येणार होतं.

ती उतरली आणि दुसऱ्या बाजूनं येऊन सायलीच्या उजवीकडं बसली.

"तुझं चार दिवसांचं आहे," ती म्हणाली. "वेळेत आहे."

सायलीनं मान हलवली. रिक्षा निघाली, भोंगे वाजत होते. काही वेळानं सायली बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती, समोर बघत, हातातल्या स्कार्फच्या कडा जुळवत. सुलेखाला तिचे ओठ हलताना दिसत होते.

तिनं जागा बदलली नाही.