ठिपक्यांचा घास

माझा गोठा बघून लोक घरी जातात आणि आपल्या बायकोशी भांडतात. गायींच्या पाठीवर माशी बसली तर घसरून पडेल, अशी चकाकी. पण त्या सकाळी शेण काढताना धाकट्या कालवडीकडे लक्ष गेलं आणि हात शेणातच राहिले. तिने कास टाकली होती, व्यायच्या आधी भरून येते तशी. सड पिळून बघितला तर बोटांवर दूध आलं. आणि गाभ राहायला ही कालवड कधी भरवलीच नव्हती.

"वळू शिरला असेल गं कुणाचा," मुलगा म्हणाला.

"वळू आता पाळतं कोण? डॉक्टर पिशवीत घालून आणतो तो."

गुरांच्या डॉक्टरने खांद्यापर्यंत मोजा चढवून तपासलं. "गाभण नाही. बाकीच्या?"

बाकीच्या कितीदा भरवल्या तरी उलटत होत्या, गाभ धरत नव्हत्या. मी इतके दिवस त्याच्याच हाताला नावं ठेवत होते. तो गव्हाणीपाशी गेला आणि त्याने लसूणघासाची काडी उचलली. पानापानावर तपकिरी ठिपके.

"काकू, हे कधीपासून?"

"याच हंगामात पडलेत. गुरं काय पानं निवडून खातात?"

"या घासात एक द्रव्य असतं. शरीराला वाटतं, आपलंच मादीचं हार्मोन आहे. पानांना रोग पडला की ते आणखी वाढतं. मग कास भरते, पण गर्भ राहत नाही. घास बंद करा. बऱ्याचशा ताळ्यावर येतील. सगळ्या येतील असं नाही सांगत."

मी ती काडी त्याच्या हातून घेतली आणि ठिपके बोटाने पुसून बघितले.

"माणसाने रस प्यायला तर?" मी विचारलं.

"कोण पितं?"

"कोणी नाही. विचारलं आपलं."

"माणसांचं मला कळत नाही. पण रोज, तोही रोगट पानांचा? मी माझ्या घरात देणार नाही."

सुनेच्या लग्नाला वर्षं झाली, पाळणा हलला नाही. गायी एवढ्या टवटवीत, मग हिला का नको, म्हणून याच घासाचे कोवळे शेंडे वाटून रोज पेलाभर रस मीच सुरू केला होता. समोर उभी राहून पाजायचे. पेला उलटा करून दाखवला की मगच हलायचे.

मी स्वयंपाकघरात गेले. तिने पेला भरून ठेवला होता, वर हिरवा फेस.

"आई, इतक्यात कुणाला सांगू नका हं," ती कुजबुजली. "पाळी चुकलीय. आणि छाती अशी भरून आलीय की हात लागला तरी दुखते. तुमच्या घासाने गुण दिला."

या घरात आल्यापासून ती माझ्याकडे बघून अशी कधी हसली नव्हती.

मी पेला उचलला आणि मोरीत ओतला.

"अहो आई! आता तर खरा हवा!"

"चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचंय."

"कुठल्या? गोठ्यात आलाय त्याच्याकडे?" ती खळखळून हसली. "मला काय कालवड समजलात?"

मी पेला विसळून पालथा घातला.

सुनेचं हसू हळूहळू ओसरलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मोरीतल्या हिरव्या ओघळाकडे. दोन्ही हात छातीशी घेतले.

"आई," ती म्हणाली, "कालवडीला काय झालंय?"