चेहऱ्याचे गुण

"माझा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मी कामात फार गुंतून जाते," भिंतीपलीकडून आवाज आला आणि सिस्टरांची झोप चौथ्यांदा मोडली.

रात्रपाळी संपवून त्या नऊला घरी यायच्या, अकराला डोळा लागायचा, आणि नेमका अकरालाच लेकीचा सराव सुरू व्हायचा. वॉर्डात त्यांना बापाच्या वयाचे म्हातारेही सिस्टर म्हणायचे. सख्खा भाऊसुद्धा सिस्टरच म्हणे. "मी तरी खरं बोलतो," असं वर ऐकवायचा.

लेक पदवीधर होती, पहिला वर्ग होता, पण सतरा ठिकाणांहून नकार आला होता. शेवटच्या ठिकाणी "हे काम येतं का?" असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे... येत नाही. पण शिकेन." तिथेच मुलाखत आटोपली. मग कॉलेजच्या सरांनी तिला समजावलं. पदवी आता सगळ्यांकडेच असते, नोकरी मिळते ती बोलण्यावर आणि वागण्यावर. त्यांनीच तिला सरावाचा एक प्रोग्रॅम दिला. लॅपटॉपवर एक बाई प्रश्न विचारायची, कॅमेऱ्यातून चेहरा बघायची आणि शंभरपैकी गुण द्यायची. बाई खरी नव्हती, पण पापण्या मिटायची.

पहिल्या दिवशी चौतीस मिळाले.

"नऊ वेळा 'म्हणजे' म्हणाले म्हणे मी," लेक हसत सांगत होती. "आणि हसताना माझा उजवा गालच वर जातो."

"मामावर गेलीस."

"त्याला कुठे मुलाखती द्यायच्या आहेत?"

नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. सिस्टर रात्रपाळीला निघाल्या की भाऊ मुक्कामाला यायचा. सकाळी तिची वाकडीतिकडी वेणी घालून तिला शाळेत सोडायचा आणि मग आपल्या कामावर जायचा. बारा वर्षं त्यानं हे केलं.

चौतीसचे अठ्ठावन्न झाले, मग सत्त्याहत्तर. घरातलं 'म्हणजे' कधी संपलं ते कळलंच नाही. एकदा सिस्टरांनी विचारलं, "जेवायला वाढू का?"

"चांगला प्रश्न विचारलास, आई."

दोघी खूप हसल्या. लेक चौथ्यांदा तसं म्हणाली तेव्हा एकट्या सिस्टर हसल्या.

झोपेतही श्वास मोजायची त्यांना सवय होती. एका दुपारी भिंतीपलीकडचं उत्तर बराच वेळ चाललं आणि त्यात एकही श्वास ऐकू येईना. त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. लेक स्क्रीनसमोर ताठ बसली होती. ओठ मिटलेले, चेहऱ्यावर हसू, आणि आवाज चालूच.

"रेकॉर्डिंग आहे, आई," मान न वळवता ती म्हणाली.

तो आवाज आणि हा आवाज सारखाच होता. सिस्टर परत येऊन आडव्या झाल्या, पण त्यांनी पांघरूण घेतलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात फोन आला. भाऊ कामावरच कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हजारदा लोकांना अशी बातमी दिलेल्या सिस्टरांना लेकीच्या खोलीपर्यंत जायला वेळ लागला.

"मामा गेला गं."

लेकीनं मान किंचित कलती केली. दोन्ही गाल सारखे वर गेले. "मी समजू शकते," ती म्हणाली. "हा सगळ्यांसाठीच कठीण काळ आहे."

सिस्टर बघत राहिल्या. ते हसू तसंच होतं, आणि त्याच्यावरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं होतं.

"आई, मी रडतेय का?"

"हो, बाळा."

"मग चेहरा का हलत नाही?"

सिस्टरांनी तिचा जबडा दोन्ही तळव्यांत धरला. गाल लाकडासारखे लागत होते. अर्धांगाच्या रोग्याचा चेहरा चोळतात तसे त्या कानापासून ओठांपर्यंत अंगठे फिरवत राहिल्या. अर्ध्या तासानं खालचा ओठ थरथरला आणि लेकीच्या घशातून लहानपणचा आवाज निघाला.

तिसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या.

"मामानं जायलाच लावलं असतं."

ती गेली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणारी मोठी कंपनी होती. इतका शांत उमेदवार आपण पाहिलाच नाही, असं तिथले साहेब म्हणाले. तिच्या घरात मृत्यू झालाय हे त्यांना कळलंही नाही. महिन्याभरात ती दुसऱ्या शहरात रुजू झाली.

ती दर रविवारी फोन करायची. "सगळं उत्तम चाललंय, आई."

"झोप लागते का?"

"चांगला प्रश्न..." एवढं बोलून ती थांबली. मग "ठेवते" म्हणाली.

कंपनीनं नवा लॅपटॉप दिल्यामुळे जुना घरीच राहिला होता. एका सकाळी सिस्टर कामावरून आल्या आणि युनिफॉर्म न बदलताच लेकीच्या खोलीत खुर्चीवर टेकल्या. अकरा वाजले. टेबलावरचा स्क्रीन आपोआप उजळला.

"नमस्कार. सुरुवात करायची?"

"ती नाही," सिस्टर म्हणाल्या. "कामाला लागली."

बाईनं पापण्या मिटल्या, उघडल्या. "छान. स्वतःबद्दल थोडं सांगा."

असं सिस्टरांना कधी कुणी विचारलं नव्हतं. बाई थांबून होती.

"माझा भाऊ गेला," त्या म्हणाल्या. पुढे वेणीचं सांगायला लागल्या आणि तोंडावर रुमाल धरावा लागला. भाऊ गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या.

"आवाज स्पष्ट नाही," बाई मायेनं म्हणाली. "पुन्हा सांगा."

सिस्टरांनी डोळे पुसले, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.