थिबोचं मोटेल

रोझेर थिबोने आम्हाला त्याचं मोटेल फुकट दिलं, तेव्हाच मला ते खटकलं होतं. उत्तर ओंटारियोत कोणी काही फुकट देत नाही. दिलंच तर त्याबदल्यात निदान लाकडं फोडून घेतात.

कोक्रेन गावाच्या पुढे महामार्गाला लागून ते मोटेल होतं. खोल्यांची एकच लांब ओळ, मागे स्प्रूसच्या झाडांचं जंगल, समोर रस्ता. दोन वर्षांपासून बंद. कॉर्बिनला त्याच्या पिक्चरसाठी असंच काहीतरी हवं होतं. नवऱ्याला सोडून निघालेली एक बाई अशा मोटेलमध्ये येते आणि तिथेच अडकून पडते, एवढीच गोष्ट. कॉर्बिन लिहिणार, दिग्दर्शन करणार, कॅमेराही तोच धरणार. मॅक्सीन ती बाई. मी आवाज. कॉर्बिनची मावशी बेव मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे बीन्सची तिखट उसळ, करायची आणि मधल्या वेळात मॅक्सीनचे केस विंचरायची. झाली आमची कंपनी. माइकची दांडी म्हणजे रंगाऱ्याची लांब काठी होती, तिच्यावर माझ्या भावाच्या हॉकीच्या टेपने माइक बांधलेला. ज्या खोल्यांत शूटिंग, त्याच खोल्यांत आम्ही झोपायचो आणि सकाळी आपापल्या पथाऱ्या कॅमेऱ्याच्या मागे ढकलायचो.

मोटेलच्या मालकाची भूमिका रोझेरने स्वतःच करावी, असं कॉर्बिनला वाटलं. तो लगेच हो म्हणाला, तेही मला खटकलं. सत्तरीचा माणूस, बायको गेलेली, बोलणं तोडून तोडून. पण कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की नजर हटत नसे.

"अजून दिवे लावा ना," तो कॉर्बिनला म्हणायचा. "ते मोठे, पिवळे. एवढ्याशा दिव्यात काय दिसणार?"

"मला अंधारच हवाय, रोझेर."

"अंधार काय, कुठेही मिळतो. लावा लावा. विजेचं बिल मी बघतो."

पहिल्या दिवशी मी प्रत्येक खोलीत जाऊन आवाज करणाऱ्या वस्तू शोधत होते. हे माझं नेहमीचं काम. फ्रिज बंद करायचा, हीटर बंद करायचा, आणि छतावरच्या धुराच्या अलार्मकडे बघायचं, कारण त्यांची बॅटरी संपत आली की ते नेमके शॉटच्या मध्ये चिवचिवतात. स्टुलावर चढून बघते तर एकाही अलार्ममध्ये बॅटरी नाही. सगळ्या खोल्यांतले डबे रिकामे.

रोझेर दारात उभा होता. "मीच काढल्या," तो म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून."

"तुम्हाला कसं माहीत, मला त्रास होतो ते?"

"असंच," म्हणाला आणि निघून गेला.

मग मी बघायलाच लागले. ऑफिसच्या भिंतीवर त्याच्या बायकोचा, लुसीलचा फोटो होता, तो एका सकाळी दिसेना. चांगली आरामखुर्ची त्याच्या गाडीत चढली. मांजर होती, तीही गायब झाली. विचारलं तर म्हणाला, "बहिणीकडे दिली. तिला उंदरांचा फार त्रास आहे." बहीण राहते सडबरी शहरात. अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर उंदीर!

"म्हातारा आवरतोय," मॅक्सीन म्हणाली. "मरायचा विचार नसेल ना त्याचा?"

"मरणारा माणूस आरामखुर्ची कशाला हलवेल?" मी म्हटलं.

मग ते कानावर पडलं. रोझेरचा सीन चालू होता, त्याच्या शर्टाच्या आत छोटा माइक लावलेला. जेवायची सुट्टी झाली. तो माइकसकट मोटेलच्या मागे गेला, आणि माझ्या कानांवर हेडफोन तसाच होता. तो फोनवर बहिणीशी बोलत होता.

"नाही गं, मांजर राहू दे तुझ्याकडेच. शनिवारनंतर इथे काय उरणार आहे?... अगं, त्यांचे दिवे आहेत ना. वायरी माझ्या बापाच्या वेळच्या. कोण काय विचारणार? विमेवाल्यांना कारण लागतं, ते आयतं चालत आलंय दारात."

मी हेडफोन काढला. चिलीची वाटी तशीच ठेवून उठले.

कॉर्बिनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. त्याची तीन पिक्चरं अर्धवट पडलेली मी पाहिली होती. मला वाटलं तो उसळेल, रोझेरला जाब विचारेल. त्याने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शनिवारी दिवसा की रात्री? काही बोलला?"

"म्हणजे?"

"नाही, असंच विचारतोय."

"कॉर्बिन, हा माणूस आग लावून आपल्या माथी मारणार आहे. आपण आजच निघायला हवं."

"आयला, निघालो तर हे पिक्चर संपलं. बघतो मी. कोणाला बोलू नकोस, मॅक्सीनलासुद्धा."

दुसऱ्या दिवसापासून मी रोझेरऐवजी कॉर्बिनकडे बघायला लागले. त्याने सगळं सामान शुक्रवारपर्यंत व्हॅनमध्ये भरायला सांगितलं, आमच्या पथाऱ्यासुद्धा. "शनिवारचं शूटिंग बाहेरच आहे," म्हणाला. बेवला तर त्याने शुक्रवारीच घरी पाठवायचं ठरवलं. बेव चिडली. "शेवटच्या दिवशी मला हाकलतोस? तुझ्या आईला सांगते थांब!"

संध्याकाळी मॅक्सीन कपडे बदलता बदलता म्हणाली, "ह्याने शेवट बदललाय, माहितेय का? आधी मी गाडीत बसून जात होते. आता मी म्हणे रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मोटेलकडे बघत राहायचं. बघायचं म्हणजे काय बघायचं, विचारलं. तर म्हणतो, शनिवारी कळेल."

आग लागेल तेव्हा कॉर्बिनला ती शूट करायची होती. अशी आग पडद्यावर आणायला मोठ्या कंपन्या काय काय करतात, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला ती सात जन्मांत परवडली नसती. आणि ती आयती चालत आली होती दारात, रोझेरच्याच शब्दांत.

शुक्रवारी दुपारी मी रोझेरकडे गेले. तो नऊ नंबरच्या खोलीत पलंगावर बसला होता. मी आडवळण घेतलं नाही. "मिस्टर थिबो, तुमचा माइक चालू होता. फोनवर बोललात तेव्हा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "दुसऱ्याचं ऐकायचा पगार मिळतो का तुला?"

"नाही."

"मग फुकटात कशाला ऐकतेस?"

"तुम्ही हे आमच्या माथी मारणार होता."

"तुमच्या नाही गं पोरी. तुमच्या विम्याच्या. पिक्चरवाल्यांकडे विमा असतोच ना."

"आमच्याकडे? आमच्याकडे धड छत्री नाहीये! पाऊस आला की कॅमेऱ्यावर बेवचा ॲप्रन टाकतो आम्ही. तुमचं मोटेल जळलं तर आम्ही तुरुंगात जाऊ. मी, मॅक्सीन, ती बेव. ती तर नुसती चिली करते."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता त्याचे डोळे भरून आले. 

"कोणी विकत घेत नाही," तो शेवटी म्हणाला. "राहायला कोणी येईना म्हणून तर बंद केलं. मी रोज सकाळी येऊन रिकाम्या खोल्यांची दारं उघडतो आणि संध्याकाळी बंद करतो. वेड लागेल माणसाला." मग जरा वेळाने, "तुझ्या त्या साहेबाला माहितेय?"

"हो."

"आणि तो काही बोलला नाही मला."

मी फक्त मान हलवली. त्याला जे समजायचं ते समजलं. त्याने खिशातून बॅटऱ्यांचं पाकीट काढलं आणि स्टूल ओढलं. "धर, पडलो तर तुझ्यावर पडेन," म्हणाला, आणि एकेक करून सगळे अलार्म सुरू केले.

शनिवारी कॉर्बिनने उजाडायच्या आधीच रस्त्यापलीकडे कॅमेरा लावला. मॅक्सीन कोटात कुडकुडत उभी. दुपार झाली. लाकडांचे ट्रक जात राहिले. रोझेर ऑफिसच्या पायरीवर बसून सफरचंद खात होता आणि मधूनच आम्हाला हात करत होता. उजेड गेला तेव्हा कॉर्बिनने कॅमेरा उतरवला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू सांगितलंस त्याला."

"हो."

"माझं पिक्चर मारलंस तू."

"आणि माणसं मेली असती तर?"

"कोण मरणार होतं? सगळं रिकामं केलं होतं मी!"

हे बोलून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं. तो मागे वळला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. 

फेब्रुवारीत मॅक्सीनचा फोन आला. "ऐकलंस का? थिबोचं मोटेल गेलं. पहाटे जळून खाक झालं, एक खोली उरली नाही."

मला रोझेरचा भयंकर राग आला. माझ्यासमोर त्या बॅटऱ्या घातल्या, डोळ्यांत पाणी आणलं, आणि आम्ही पाठ फिरवायची वाट बघत बसला, म्हातारा ढोंगी! मी त्याला फोन केला नाही. विचारपूससुद्धा केली नाही.

कॉर्बिनने आवाजाचं पुढचं काम टोरांटोतल्या कोणाकडून तरी करून घेतलं. मे महिन्यात पिक्चर पुरं झाल्याचं कळलं आणि कोक्रेनच्या हॉलमध्ये पहिला खेळ ठेवल्याचं आमंत्रण आलं. गावात दाखवायचं तर रोझेरला न बोलावून चालणार नव्हतं. तो माझ्या पुढच्याच रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याने वळून मान हलवली. मी नाइलाजाने हलवली.

पिक्चर चांगलं होतं. हे सांगायला जड जातं, पण होतं. मॅक्सीनने कमाल केली होती. रोझेर पडद्यावर आला की हॉलमध्ये कुजबुज व्हायची, "अरे, हा तर आपला रोझेर!" शेवटी मॅक्सीनचा चेहरा, रस्त्यापलीकडून बघणारा, त्या ऑक्टोबरातल्या शनिवारचा. आणि मग मोटेल. सगळीकडे बर्फ. पहाटेचा निळा उजेड. खोल्यांची ओळ अख्खी, शांत, छपरावर बर्फाचा थर. कॅमेरा जराही हलत नव्हता. बराच वेळ काही झालं नाही. मग एक खिडकी आतून हळूहळू नारिंगी झाली. मग शेजारची. मग छपरावरचा बर्फ घसरून पडला आणि ज्वाळा वर आल्या. एकही कट नाही, सगळा एकच शॉट.

लोक श्वास रोखून बघत होते.  आग लागली हे कळून कोणी धावत आला असता तर त्याला जळणारं मोटेल मिळालं असतं. अख्खं मिळालं नसतं.

टाळ्या पडल्या. कॉर्बिन पुढे गेला, लोकांनी दोनचार कौतुकाचे प्रश्न विचारले. मग रोझेर उभा राहिला.

"मला एक विचारायचंय. आधी कोण आलं? कॅमेरा की आग?"

लोक हसले. त्यांना ते गमतीचं वाटलं. कॉर्बिनही हसला. "नशीब, रोझेर. मी बर्फाचे शॉट घ्यायला आलो होतो, आणि..."

"माझा विमा मी ऑक्टोबरातच बंद केला," रोझेर म्हणाला. "ह्या मुलीशी बोललो त्याच आठवड्यात. म्हटलं, मोह नको. त्या पहाटे मी सडबरीत बहिणीकडे होतो. तेव्हा आग मी लावली, असं कोणाला वाटत असेल तर ते मनातून काढा."

आता कोणी हसत नव्हतं.

"मला..." कॉर्बिन म्हणाला. "मला खरंच वाटलं, तुम्हीच लावलीत."

"बरं. वाटलं. मग फायर ब्रिगेडला फोन का नाही केलास? त्यांना एका ट्रकवाल्याने कळवलं, तोवर छप्पर कोसळलं होतं. आत माणूस असता तर?"

कॉर्बिनने माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी बोलून त्याला सोडवणार होते. मग हळू आवाजात म्हणाला, "शॉट चालू होता."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. त्याच्या लेखी ते कारण पुरेसं होतं. बेव पहिल्या रांगेत होती, तिने पर्स उचलली आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी लोक उठले. खुर्च्यांचा आवाज सोडला तर हॉलमध्ये काही ऐकू येत नव्हतं.

रोझेरला मी माझ्या गाडीतून घरी सोडलं. मी त्याच्यावर संशय घेतला होता, तीन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, हे सांगितलं. तो म्हणाला, "घेतलास ते बरोबरच होतं. आधी मीच तसा वागलो होतो." मग काचेतून बाहेर बघायला लागला.

"ती पहिली खिडकी उजळली ना," तो म्हणाला, "तेव्हा पडदे दिसले बघ. लुसीलने शिवलेले. सूर्यफुलांचे. त्यांच्यावर फुलं होती, हेच मी विसरलो होतो."

"तुम्ही फार छान दिसलात पडद्यावर," मी म्हटलं.

"हो? माझं नाक मोठं वाटलं मला."

पोलिसांनी नंतर मला दोनदा बोलावलं, रोझेरला एकदा, कॉर्बिनला कितीदा ते ठाऊक नाही. वायरी जुन्या होत्या, राखेत काही सापडलं नाही. कॉर्बिन आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. मी माझं नाव पिक्चरमधून काढून घेतलं, मॅक्सीनने ठेवलं. ती म्हणाली, काम मी केलंय, आग त्याची असेल. पिक्चर पुढे इकडेतिकडे दाखवलं गेलं. शेवटच्या शॉटबद्दल लोक भरभरून लिहितात, असं ऐकते.

रोझेर आता सडबरीत राहतो, मांजरीजवळ. कधीमधी फोन करतो. काडी कोणी लावली, हे आम्ही दोघंही बोलत नाही. मला माहीत नाही, आणि त्याला विचारायची इच्छा नाही.